ग्रोसला साडेतीन रुपये

किसननगरच्या खोलीत पोत्यातून यायची ती डोकी.
फक्त डोकी. धडं वागळे इस्टेटच्या
कुठल्याशा शेडमध्ये, हातपाय आणखी तिसरीकडे.
आई खराट्याच्या काड्या थर्माकोलमध्ये रोवायची,
प्रत्येक काडीवर एक मेजर पोलाद,
आंधळा, गुळगुळीत, निमूट,
आणि शून्य नंबरच्या ब्रशाने
त्याला आधी डोळे द्यायची, मग भुवया.

एकशे चव्वेचाळीस झाले की एक ग्रोस.
ग्रोसला साडेतीन रुपये.
मोजायचं काम माझं. टेबलफॅन त्यांच्याकडे वळवायचंही.
वरणभाताला थिनरचा वास असतोच
असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

जाहिरात गुंजाळांच्या टीव्हीवर लागायची, रविवारी सकाळी.
वाळूचा डोंगर, वीज, धूर,
धुरातून गंजासुर, त्याच्यामागे तीन तोंडांची तोफ,
आणि एक भारदस्त आवाज:
आता पृथ्वीला वाचवणार कोण?
मग आडवा यायचा एक हात.
नखं कापलेला, स्वच्छ, मनगटाशी संपणारा हात.
तो मेजर पोलादला डोंगरावर चढवायचा.
त्या मुलाचा चेहरा कधी दाखवलाच नाही.
शेवटी तोच आवाज एकदम घाईत
तोफडोंगरगंजासुरवेगळेविकतघ्यावेलागतील
आणि लगेच साबण.

ते वाक्य एका दमात म्हणायची पैज लागायची चाळीत.
मुकुंदा गुंजाळ जिंकायचा.
एरवी तो स्वतःच्या नावावरही अडखळे.

एकदा मेजरचं तोंड पडदाभर आलं.
आई दारात उभी होती, बोटांचा रंग फडक्याला पुसत.
म्हणाली, ही माझी नाही. ही द्वारकाची.
बघ ना, शेपूट केवढी लांब ओढते ती.

बाद मालातलं एक डोकं मला मिळालं, डोळा ओघळलेलं.
मानेच्या भोकात माझी तर्जनी नेमकी बसायची.
झालं की मग. बोट म्हणजे धड.
बाकाखाली, रेशनच्या रांगेत, गोवराच्या तापात
माझा मेजर वाकायचा, मान डोलवायचा, दबा धरायचा.
दुकानातल्या मेजरच्या गुडघ्यांना सांधे नव्हते म्हणे.
तोफ नव्हती, डोंगर उशीचा.
बोट जाड झालं म्हणून डोकं सुटलं
की डोकं हरवल्यावर कळलं बोट जाड झालंय,
आठवत नाही.

मागच्या महिन्यात घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर,
ऑफिसातल्या शार्दूल पाटणकरने त्याचं कपाट दाखवलं.
काच. आत तांदळाएवढे दिवे.
मेजर पोलाद, खोक्यातच, एकदाही न उघडलेला.
शार्दूलला जाहिरात पाठ होती, विजेच्या कडकडाटासकट.
शेवटचं घाईचं वाक्य मात्र
त्याला ऐकल्याचंच आठवेना.

मी वाकले.
डावी भुवई किंचित वर,
कुणी हिशोबात गोंधळ घालतंय
आणि हा ऐकून घेतोय, तशी.
तिथवर येऊन आई धरलेला श्वास सोडायची.
उघडून बघू या? मी म्हटलं.
तो दचकला. उघडलं की किंमत जाते, म्हणाला,
आणि किंमत सांगितली.
मी मनात ग्रोसने भागायला गेले, जमलं नाही.
लिफ्टमध्ये कुणी नव्हतं तेव्हा
तर्जनी एकदा वाकवून पाहिली.

रात्री आईला सांगितलं. डोळ्यांत थेंब घालून पडली होती.
बराच वेळ काही नाही. मग,
रंग टिकलाय का गं?
टिकलाय.
पाय आहेत त्याला?
आहेत. बूटही आहेत. लाल.
लाल होय, म्हणाली, आणि पुन्हा गप्प.
मला वाटलं झोपली.

दामजीशेठने त्या दिवाळीला
बारा डोकी कमी धरली होती.
तूच मोजलेली, पुरती होती.
त्या पाटणकराला विचार,
खोक्यावर साल कुठलं आहे.